घंगाळ, बांगडा आणि पाच हजार रुपये

आधीच सांगतो, या पोस्टमध्ये बीचचा एकही फोटो नाहीये. मी कोकणात जातो ते लोकांचे माळे, मांगर (गुरांचे-सामानाचे गोठे) आणि भंगारवाल्यांची गोडाऊनं बघायला. नोकरी सांभाळून जुन्या वस्तूंचा जोडधंदा करतो, तिकडून उचलायचं, ठाण्याला आणायचं, फोटो टाकून विकायचं आणि जे घरगुती गिऱ्हाईकाला जात नाही ते मुंबईच्या चोर बाजारात, मटण स्ट्रीटवरच्या एका ओळखीच्या दुकानदाराच्या गळ्यात मारायचं. तो घेताना एवढा रडतो की मलाच वाईट वाटतं, मग तीच वस्तू त्याच्याकडे दुप्पट भावाने दिसते.

सीझन म्हणाल तर शिमगा आटपल्यावर आणि मे महिन्यातले चाकरमानी यायच्या आधी. पावसाळ्यापूर्वी घरं शाकारायला काढतात, माळे रिकामे होतात आणि "हे अजून कशाला ठेवलंय" हा प्रश्न घरोघरी विचारला जातो. फक्त उकडतं. कुडाळ स्टेशनवर उतरल्या उतरल्या शर्ट अंगाला चिकटला तो परतीच्या गाडीत बसेपर्यंत सुटला नाही. लॉजबद्दल बोलत नाही, पंखा होता एवढंच.

सुरुवातीचे दिवस हायवेच्या कडेच्या गोडाऊनांत फुकट गेले. चौपदरीकरण चाललं होतं तेव्हा रस्त्यात गेलेल्या घरांचे दरवाजे, खांब, खिडक्यांचे गज इथे ढिगाने पडलेले असायचे, आता तो माल संपला आणि जे काही चांगलं येतं ते गोव्याची मंडळी हॉटेलांच्या इंटिरियरसाठी आधीच उचलतात, तेही घासाघीस न करता, त्यामुळे भंगारवाल्यांची सवय पार बिघडलीय. एकाने मला साधी बिडाची कढई दाखवून "अँटिक आहे साहेब" म्हणून चार हजार सांगितले. दुसऱ्याकडे मंगलोरी कौलांची थप्पी होती, मे 2021 च्या तौक्ते वादळानंतर कौलं उतरवून पत्रे घातले लोकांनी त्यातली असावीत. कौलावर बेसल मिशनचा शिक्का आणि 1865. "दीडशे वर्षांचं कौल, वाचा ना तुम्हीच." अहो, 1865 हे मंगलोरला तो कारखाना सुरू झाल्याचं साल, कौल भाजल्याचं नव्हे, नंतरच्या कौलांवरही तेच छापायचे. त्याला समजावून सांगितलं तर म्हणतो, "गिऱ्हाईकाला कुठे माहीत असतं?" मुद्दा बिनतोड होता. मी थोडी कौलं घेतली.

मग एका रिक्षावाल्याने वेंगुर्ल्याच्या वाटेवरच्या एका वाडीत नेलं, तिथल्या एका आजींचा मांगर पाडायला काढला होता.

खळ्यात माळ्यावरचं सगळं उतरवून ठेवलेलं. गंजलेला कंदील, शेर-पायलीची मापं, मुंग्यांनी घर केलेली पेटी, दोन चिनी मातीच्या बरण्या. बरण्यांना टिचकी मारली, दोन्ही खणखणीत वाजल्या (आतून तडा असला की आवाज बद्द येतो, वरून काही दिसत नाही). आणि पेटीच्या मागे उपडं टाकलेलं, आंघोळीच्या पाण्याचं तांब्याचं घंगाळ. कळंक चढून हिरवंगार झालेलं, पण उलटं केलं तर बुडाला दातेरी सांधा, म्हणजे दोन पत्र्यांचे दात एकमेकांत बसवून डाग देऊन जोडलेला, जुन्या तांबटांचं काम. आतून हात फिरवला की बोटांना ठोके लागत होते. मशीनवर दाबून काढलेलं नवीन घंगाळ आतून एकदम गुळगुळीत असतं. काठावर ठिपक्याठिपक्यांनी नाव घातलेलं, पुढे 1953. असं नाव घातलेलं भांडं शहरातली गिऱ्हाईकं जास्त पैसे देऊन घेतात, नाव दुसऱ्याच्या आजोबांचं असलं तरी, का ते विचारू नका.

आता या धंद्यात आवडलेल्या वस्तूकडे बघायचं नसतं. म्हणून मी कंदिलाचा भाव विचारला.

आजी म्हणाल्या, "कंदील फुकट ने. तुका घंगाळ व्हया मां?"

झालं ना. मी म्हटलं, हो, पण विकताय कशाला? तर मुलाने गिझर बसवलाय आणि मांगर पाडल्यावर एवढं धूड ठेवायला जागा नाही. किती घेणार म्हणून विचारलं तर, "आधी हात-पाय धू. जेवल्याबिगर सौदो नाय."

मला नाही म्हणता यायला हवं होतं असं तुम्ही म्हणाल, पण दुपारचा दीड वाजलेला आणि आतून माशाच्या आमटीतल्या तिरफळाचा वास येत होता. पाटावर बसलो. बांगड्याचं तिखलं, उकड्या तांदळाचा भात, एक बांगडा वेगळा तळून, आणि सोलकढी मागेल तेवढी. आजी समोर बसून मी ठाण्यात कुठे राहतो, भाडं किती, बायको नोकरी करते का, आई-वडील कुठे असतात सगळं काढून घेत होत्या आणि माझं ताट रिकामं दिसलं की वाढत होत्या. ठाण्यात एवढी चांगली सोलकढी एका हॉटेलात मिळत नाही, मिळते त्यात नारळ कमी आणि रंगच जास्त.

मग ताणकाट्याला घंगाळ लावलं, साडेसहा किलो. तांब्याची मोड तेव्हा किलोला साडेसहाशेच्या आसपास चालली होती, म्हणजे नुसतं वितळवायला घातलं तरी सव्वाचार हजार. मी तीन हजारांपासून सुरुवात करायचं ठरवून आलो होतो.

"पाच हजार," आजी म्हणाल्या.

तोंडात तिरफळाची चव, हातात त्यांनीच दिलेली बडीशेप. आता या अवस्थेत माणूस तीन हजार म्हणणार कसा? मी नुसतं "जरा जास्त होतंय" असं पुटपुटलो. त्यावर त्या शांतपणे म्हणाल्या, "भंगारवालो तीन हजार देय होतो. तेका मी पाणीय दिलंय नाय."

पाच हजार दिले. बरण्या मागितल्या तर "ती देवची नाय, लोणच्याक लागतत." वर निघताना नारळ आणि आगळाची, म्हणजे कोकमाच्या रसाची, बाटली. कोकणी पाहुणचाराचं कौतुक करणाऱ्यांनी एकदा तिथे काहीतरी विकत घ्यायला जावं, माझा खरंच सल्ला आहे की खरेदीला जायच्या आधी कुठल्यातरी हॉटेलात पोटभर जेवून घ्या. मी स्वतः हे कधी पाळणार नाही.

संध्याकाळी चहाच्या टपरीवर एक जण शेजारी येऊन बसला आणि मोबाईलवर पिवळट दगडासारखं काहीतरी दाखवत "व्हेलची उलटी, करोडात जाते" सुरू झाला. तिची विक्री वन्यजीव कायद्याखाली सरळ गुन्हा आहे, मी अर्धा चहा टाकून उठलो. दगडी मूर्ती कुणी दाखवली तरी मी तेच करतो. शंभर वर्षांवरचं मूर्तीकाम पुरावशेषांच्या 1972 च्या कायद्यात येतं, त्याचा धंदा करायला लायसन्स लागतं, आणि लायसन्स मिळालं तरी तसल्या मूर्तीला हात लावून मला झोप लागणार नाही.

परतीला स्लीपरमध्ये चाळीस किलो सामान फुकट नेता येतं, कौलं आणि नारळ धरून मी त्याच्या आसपासच होतो. समोरच्या काकू सीटखालच्या घंगाळावरून बडबडत होत्या, आणि सावंतवाडीपासूनच बडबडत होत्या असं कळलं, म्हणजे मी चढायच्या आधीपासून कशावरून तरी बडबडतच होत्या. रत्नागिरीला त्यांनी आंबे घेतले आणि न विचारता माझ्या घंगाळात ठेवले.

घरी चिंच-मिठाने फक्त हिरवा कळंक काढला. चकचकीत करायचं नाही, गिऱ्हाईकाला वाटतं कालच आणलंय. काळसर तांबूस राहू दिलं, काठावरच्या नावाचा जवळून फोटो काढून टाकला, भाव नऊ हजार.

तिसऱ्या की चौथ्या दिवशी डोंबिवलीहून फोन. "ते घंगाळ आमचं आहे."

आजींचा मुलगा. नाव वाचून ओळखलं. चोरीचा माल समजला की काय म्हणून मला घाम फुटला, पण तसं नव्हतं, आईशी बोलून झालं होतं, आता त्यालाच ते परत हवं होतं. "आईला किती दिलेत?" पाच. "मग पाचातच द्या ना, घरचंच आहे."

घरचंच होतं तर पाडायच्या मांगरात का टाकलेलं, हे मी बोललो नाही. म्हटलं, फोनवर नको, रविवारी घरी या, जेवायलाच या. बायकोला कोंबडी-वडे करायला सांगितले. माणूस आला, छान होता, पाच वडे खाल्ले, बायकोच्या रश्श्याचं कौतुक केलं, आणि मग मी आठ हजार म्हटलं. तो थोडा वेळ ताटाकडे बघत बसला. हात धुऊन आला आणि गुपचूप आठ हजार स्कॅन केले.

घंगाळ उचलून दारात चप्पल घालताना म्हणाला, "आईने बजावलं होतं मला, थंय जेव नको म्हणून."