इ.स. 69: एक वर्ष, अनेक नावे

प्राचीन जगाच्या इतिहासावरील एका मराठी संदर्भग्रंथासाठी सनावळी तपासण्याचे काम माझ्याकडे होते. एके दिवशी रोम, सीरियातील अँटिओक, इजिप्त आणि ज्यूडिया (जेरुसलेमभोवतीचा ज्यूंचा प्रदेश) यांवरील चार टिपणे एकदमच हाती आली. पहिल्यात गाल्बा आणि टायटस व्हिनियस या कॉन्सलांचे (रोमच्या सर्वोच्च पदाधिकाऱ्यांचे) वर्ष होते, दुसऱ्यात 117, तिसऱ्यात ‘वेस्पेसियनचे वर्ष 2’ आणि चौथ्यात नुसतेच ‘वर्ष चौथे’. मोडी कागदांत शालिवाहन शक, हिजरी आणि सुहूर सन शेजारी शेजारी वाचण्याची सवय असल्याने मी चारही नोंदी ताडून पाहिल्या, तेव्हा त्या सर्व इ.स. 69 मध्येच येत होत्या.

रोममध्ये 1 जानेवारीला पदावर येणाऱ्या दोन कॉन्सलांच्या नावांनी वर्ष ओळखले जाई. सम्राट गाल्बा आणि व्हिनियस हे दोघेही 15 जानेवारीलाच मारले गेले, तरी वर्ष त्यांच्याच नावाचे राहिले. अँटिओकचे 117 हे ज्युलियस सीझरच्या नावाने चाललेल्या शकाचे वर्ष असून ते 69 च्या शरदात संपत होते.

इजिप्तने मात्र मला सर्वाधिक वेळ थांबवले. तेथे सम्राटाच्या राज्यवर्षाने कालनिर्देश होत असे आणि नवे वर्ष 29 ऑगस्टला सुरू होई. सेनापती वेस्पेसियन सम्राट झाल्याची द्वाही अलेक्झांड्रियात 1 जुलैला फिरली, त्यामुळे त्याचे पहिले वर्ष दोन महिनेही न भरता संपले आणि लगेच दुसरे लागले. त्याआधी गाल्बा आणि मग त्याच्या जागी सम्राट झालेला ओथो यांच्या नावांनी याच वर्षातील कागद लिहिले गेले होते. करारावर तारीख घालताना लेखनिकाला आपण कोणाचे राज्य मानतो हेच लिहावे लागे, आणि माझ्या मते या वर्षाचे मर्म त्यातच आहे.

ज्यूडियातील बंडखोरांनी तर कोणत्याही सम्राटाचे नाव घेतले नाही. त्यांनी रोमविरुद्धच्या आपल्या बंडापासून वर्षे मोजली. दुसऱ्या आणि तिसऱ्या वर्षाच्या तांब्याच्या नाण्यांवर ‘सियोनचे (म्हणजे जेरुसलेमचे) स्वातंत्र्य’ असे शब्द आहेत, तर 69 च्या वसंतात लागलेल्या चौथ्या वर्षाच्या नाण्यांवर ‘सियोनच्या मुक्तीसाठी’. स्वातंत्र्य मिळाल्याची घोषणा जाऊन तेथे मुक्तीची याचना आली आहे.

सर्वत्र केवळ ‘इ.स. 69’ छापावे, अशी सूचना पुढे आली होती. मी ती मानली नाही. प्रत्येक नोंदीत मूळ कालनिर्देश आधी आणि इसवी सन कंसात, असाच मजकूर छपाईला पाठवला.