बुबुळाच्या जखमेसाठी मदुराईला: पाच दिवसांच्या प्रशिक्षणाचा वृत्तांत

सोलापूर जिल्ह्यातील आमच्या तालुक्यात साखर कारखान्यांचे बॉयलर पेटले, की पंधरा दिवसांच्या आत ओपीडीत बुबुळाच्या जखमा दिसू लागतात. ऊस तोडताना पाचटाची धार डोळ्याला चाटून जाते आणि दोन दिवस नुसते पाणी येते. अंगावर उचल (आगाऊ घेतलेली मजुरी) असल्यामुळे फड सोडून दवाखान्यात येणे जमत नाही, मग कोणी डोळ्यात मध घालते, कोणी औषधाच्या दुकानातून थेंब आणून देते, आणि रुग्ण आमच्यापर्यंत पोहोचतो तेव्हा बुबुळावर पांढरा डाग उमटलेला असतो. गेल्या हंगामात सव्वीस वर्षांची एक ऊसतोड कामगार बाई अशीच आली होती. दुकानातून मिळालेले स्टिरॉइडचे थेंब तिने आठ दिवस घातले होते. मी तिला मॉक्सिफ्लॉक्सॅसिन हे जिवाणूंवरचे औषध सुरू केले आणि चार दिवस वाट पाहिली. जखम खरवडून स्लाइड पाहिली नाही, कारण माझ्याकडे मायक्रोस्कोप नव्हता आणि तो असायलाच हवा असे मला तोवर वाटलेही नव्हते. संसर्ग बुरशीचा होता. पुढे बुबुळाला छिद्र पडले, पुण्याला पाठवून तातडीचे प्रत्यारोपण करावे लागले, आणि आज त्या डोळ्याला डोळ्यासमोर हलणारा हात तेवढा दिसतो. त्या चार दिवसांची जबाबदारी माझी आहे. म्हणूनच पुढचा गाळप हंगाम सुरू होण्याआधी, ऑगस्टमध्ये, मी मदुराईच्या अरविंद नेत्र रुग्णालयात दोन दिवसांची कॉर्नियाविषयक, म्हणजे बुबुळाच्या आजारांवरची, सीएमई (डॉक्टरांसाठीचा शिक्षण कार्यक्रम) आणि त्यानंतर तीन दिवसांचे निरीक्षण अशा बेताने गेले.

महाराष्ट्र वैद्यकीय परिषदेकडे नोंदणीचे नूतनीकरण करण्यासाठी पाच वर्षांत ३० क्रेडिट पॉइंट जमवावे लागतात, आणि आपल्यापैकी बरेच नेत्रतज्ज्ञ ते मोठ्या परिषदांतून जमवतात. मीही जमवले आहेत. परंतु एका सभागृहात बसून दिवसभरात तीस व्याख्याने ऐकल्यानंतर परत आल्यावर माझ्या दवाखान्यात काही बदलले, असे क्वचितच घडले. या वेळी मी विषय एकच ठेवला, आणि त्या विषयातले काम जिथे रोज आणि मोठ्या संख्येने होते तिथे जायचे ठरवले.

अरविंदची सुरुवात १९७६ मध्ये भाड्याच्या घरात, ११ खाटांवर झाली. डॉ. गोविंदप्पा वेंकटस्वामी तेव्हा सरकारी सेवेतून निवृत्त झाले होते आणि अठ्ठावन्न वर्षांचे होते. संधिवाताने त्यांच्या हातांची बोटे तरुणपणीच वाकडी झाली होती, तरीही त्या बोटांना जमतील अशी उपकरणे बनवून घेऊन त्यांनी लाखभर शस्त्रक्रिया केल्या. १९९२ मध्ये याच संस्थेने ऑरोलॅब हा कारखाना काढून डोळ्यात बसवायची भिंगे देशातच कमी किमतीत बनवायला सुरुवात केली. हा इतिहास आपण विद्यार्थिदशेपासून ऐकत आलो आहोत, पण पैसे देणाऱ्या आणि न देणाऱ्या रुग्णांसाठी तेच डॉक्टर आळीपाळीने काम करताना प्रत्यक्ष पाहिल्यावर त्याचा अर्थ नीट उमगतो.

सोलापूरहून जाणाऱ्यांनी मुंबई-नागरकोविल एक्स्प्रेसचा विचार करावा. ती पुणे, सोलापूर, गुंतकल या मार्गाने थेट मदुराईला जाते, प्रवास जवळपास एका अहोरात्राचा आहे, आणि वाचायचे लेख सोबत घेतले तर तो वेळ सत्कारणी लागतो. विमानाने जायचे झाल्यास चेन्नई किंवा बंगळुरूमार्गे जाणे सोयीचे पडते. रुग्णालय अण्णा नगरमध्ये, वैगई नदीच्या पलीकडे आहे, त्यामुळे स्थानकाजवळच्या लॉजमध्ये उतरलात तर रोज सकाळी नदी ओलांडून जावे लागेल. रुग्णालयाच्या आसपासच राहावे, कारण तिथला दिवस आपल्या दिवसापेक्षा फार लवकर सुरू होतो आणि उशिरा पोहोचणाऱ्यासाठी कोणी थांबत नाही.

सीएमईच्या दोन दिवसांपैकी माझ्या मनात घर करून राहिले ते बुरशीजन्य अल्सरवरचे, म्हणजे बुरशीने चिघळलेल्या बुबुळाच्या जखमेवरचे सत्र. नवीन प्रगती म्हटली, की आपल्या डोळ्यांसमोर नवे औषध किंवा नवे यंत्र येते. या सत्रात मात्र गेल्या दशकभरातील महत्त्वाचे निष्कर्ष बहुतांशी नकाराचे होते, आणि ते नकारच मला सर्वांत उपयोगी वाटले. अरविंद आणि सॅन फ्रान्सिस्कोचे प्रॉक्टर फाउंडेशन यांनी मिळून केलेली मायकोटिक अल्सर ट्रीटमेंट ट्रायल २०१३ मध्ये प्रसिद्ध झाली. तिच्यात ३२३ रुग्णांना नॅटामायसिन किंवा व्होरिकोनाझोल या बुरशीनाशक औषधांपैकी एकाचे थेंब दिले होते. नव्या आणि महागड्या व्होरिकोनाझोलपेक्षा जुने, स्वस्त नॅटामायसिन सरस ठरले, आणि फ्युझेरियम या बुरशीच्या संसर्गात तर तीन महिन्यांनंतरच्या दृष्टीत तक्त्यावरच्या चार ओळींचा फरक पडला. २०१६ च्या दुसऱ्या चाचणीत गंभीर अल्सर असलेल्या २४० रुग्णांना पोटातून व्होरिकोनाझोल जोडून पाहिले, तेव्हा बुबुळाला छिद्र पडण्याचे किंवा प्रत्यारोपणाची वेळ येण्याचे प्रमाण एकूणात घटले नाही. फ्युझेरियमच्या रुग्णांना थोडा लाभ होत असावा, एवढीच शक्यता उरली. २०२० मध्ये क्रॉस-लिंकिंगची (औषध आणि अतिनील किरणांनी बुबुळ घट्ट करण्याच्या पद्धतीची) पाळी आली, आणि बुरशीच्या अल्सरमध्ये सुरुवातीलाच क्रॉस-लिंकिंग केल्याने संसर्ग लवकर आटोक्यात येत नाही, उलट दृष्टी कमी राहू शकते, असे दिसून आले. यातील बरेच रुग्ण आपल्याकडे येतात तसेच, शेतात राबणारे लोक होते. मी स्वतः दोन रुग्णांना व्होरिकोनाझोलच्या गोळ्यांचा महागडा कोर्स लिहून दिलेला आहे, आणि त्यांपैकी एकाच्या घरच्यांनी त्यासाठी शेळ्या विकल्या होत्या. चाचणीतून आलेल्या नकाराची किंमत मला त्या दिवशी सभागृहात बसल्या बसल्या कळली.

दुसरा लक्षात ठेवण्याजोगा विषय पिथियमचा. हा जीव बुरशीसारखा दिसतो, पण बुरशी नाही, त्यामुळे बुरशीनाशक औषधांना तो दाद देत नाही. त्यासाठी लिनेझोलिड आणि अ‍ॅझिथ्रोमायसिन वापरले जाते, आणि बऱ्याच डोळ्यांना तरीही लवकर प्रत्यारोपण लागते. डागाच्या कडेने बारीक ठिपक्यांची जाळी पसरलेली दिसली आणि नॅटामायसिनने आठवडाभरात काहीच फरक पडला नाही, तर पिथियमची शंका घ्यावी. पडद्याचे आजार आणि काचबिंदू यांवरही एकेक सत्र झाले. काचबिंदूत थेंबांच्या आधी डोळ्याचा दाब कमी करणाऱ्या एसएलटी लेझरचा विचार करावा हा २०१९ च्या लाइट चाचणीचा धडा त्यात होता, पण माझे लक्ष तोवर प्रयोगशाळेकडे लागले होते.

निरीक्षणाच्या तीन दिवसांपैकी पहिली दुपार मी सूक्ष्मजीवशास्त्राच्या खोलीत मागून घेतली, आणि पुढे जाणाऱ्यांनीही ती अवश्य मागावी. तिथल्या तंत्रज्ञ ताईंनी मला एक स्लाइड सुरुवातीपासून शेवटपर्यंत करून दाखवली. डोळा थेंबांनी बधिर केल्यानंतर आधी जखमेवरचा चिकट स्राव पुसून टाकायचा. मग स्लिट लॅम्पवर (डोळा मोठा करून दाखवणाऱ्या यंत्रावर) पंधरा नंबरच्या ब्लेडने जखमेची कड आणि तळ दोन्ही खरवडायचे, कारण बुरशी कडेला अधिक सापडते. बुबुळ पातळ झालेले असेल तिथे हात आवरायचा. खरवडलेला भाग स्लाइडच्या मध्यभागी पातळ पसरून त्यावर दहा टक्के पोटॅशियम हायड्रॉक्साइडचा एक थेंब टाकायचा, वर कव्हर स्लिप ठेवायची आणि काही मिनिटे थांबायचे. मी डोळा लावला तेव्हा मला काहीच दिसले नाही, सगळे पांढरेफटक होते. ताईंनी न बोलता मायक्रोस्कोपचा प्रकाश एकवटणारा कंडेन्सर खाली घेतला, डायफ्रॅम मिटत आणला, आणि त्या अंधुक प्रकाशात विरघळलेल्या पेशींमधून आडवे-तिडवे गेलेले बारीक धागे एकदम उठून दिसले. त्यांना ठरावीक अंतरावर बोरूच्या पेरांसारखे सांधे होते. पिथियमचे धागे रुंद, फितीसारखे असतात आणि त्यांत सांधे क्वचितच असतात, हे त्यांनी एका जुन्या स्लाइडच्या छायाचित्रावर दाखवले. पुस्तकातील चित्र मी वीस वर्षांपूर्वी पाहिले होते, परंतु प्रकाश कमी केल्याशिवाय धागे दिसत नाहीत हे मला कोणी सांगितले नव्हते. त्या दुपारी मी अकरा स्लाइडी पाहिल्या, आणि शेवटच्या तिन्हींचे निदान माझे बरोबर आले.

ओपीडीत बसताना दोन-तीन तमिळ वाक्ये येत असली तर रुग्ण आपल्याकडे बघतो. 'नेरा पारुंग' म्हणजे सरळ बघा आणि 'कीळे पारुंग' म्हणजे खाली बघा. एवढे पाठ करून गेलात तरी पुष्कळ झाले. डॉक्टर इंग्रजीत चर्चा करतात, त्यामुळे अडत काही नाही. मला तिथे आवडलेली गोष्ट अशी, की अल्सरच्या प्रत्येक रुग्णाला नॅटामायसिनची बाटली देताना सिस्टर ती हलवून दाखवत होत्या. औषध तळाशी बसते आणि बाटली न हलवता घातले तर डोळ्यात नुसते पाणी जाते. मी हे रुग्णांना तोंडी सांगत असे, करून दाखवत नसे.

शस्त्रक्रियागृहात एका सर्जनसाठी दोन टेबले शेजारी मांडलेली असतात. एका टेबलावर शस्त्रक्रिया चालू असताना दुसऱ्यावर पुढचा रुग्ण तयार होतो, आणि सर्जन मायक्रोस्कोप फिरवून तसाच पुढे सरकतो. खेड्यांतून निवडून दोन वर्षे प्रशिक्षित केलेल्या मुलींच्या हातात ही सगळी लय असते. शस्त्रक्रियेच्या शेवटी डोळ्याच्या आत मॉक्सिफ्लॉक्सॅसिन देण्याची तिथली पद्धत आता आपल्याकडेही रुजते आहे. सहा लाखांहून अधिक शस्त्रक्रियांचा त्यांचा अहवाल २०१७ मध्ये प्रसिद्ध झाला, आणि त्यानुसार आतल्या संसर्गाचे प्रमाण दहा हजारांमागे सुमारे सातवरून दोनवर आले. याबाबत माझी एक आग्रहाची सूचना आहे. त्यासाठी डोळ्याच्या आत देण्यासाठीच बनवलेले औषध वापरावे, थेंबांच्या बाटलीतून ओढून घेऊ नये, आणि मात्रा भूल देणाऱ्यावर किंवा सहायकावर न सोडता स्वतः तपासावी.

जाण्याआधीच्या तयारीबद्दल थोडे सांगते. अर्ज किमान तीन महिने आधी करावा, आणि त्यात 'सर्व विभाग पाहायचे आहेत' असे न लिहिता आपला एक प्रश्न स्पष्ट मांडावा. मी 'ऊसतोड कामगारांमधील बुरशीजन्य अल्सरचे निदान लहान दवाखान्यात कसे करावे' असे लिहिले होते, त्यामुळे मला योग्य माणसांजवळ बसवण्यात आले. नोंदणी प्रमाणपत्र आणि पदवीच्या प्रती सोबत ठेवाव्यात. परराज्यातील कार्यक्रमाचे गुण आपल्या परिषदेत कसे नोंदवायचे हे निघण्यापूर्वीच विचारून घ्यावे आणि मूळ प्रमाणपत्र हातात घेतल्याशिवाय परतू नये. स्वतःच्या तीन-चार अवघड रुग्णांची छायाचित्रे, नाव आणि चेहरा झाकून, अवश्य न्यावीत. जेवणाच्या सुट्टीत तिथल्या एका वरिष्ठ डॉक्टरांनी माझ्या त्या बाईंच्या डोळ्याची छायाचित्रे पाहिली आणि पहिल्या दिवशीच्याच छायाचित्रात पिसासारखी पसरलेली कड बोटाने दाखवली. तिथली छायाचित्रे मात्र परवानगीशिवाय काढू नयेत. सहज काढता येतील अशा चपला घालाव्यात. एप्रिल-मे महिन्यांत चित्तिरै उत्सवामुळे मदुराईत राहायला जागा मिळणे कठीण होते, तेव्हा ते दिवस टाळावेत.

एक दिवस हाताशी असेल तर तंजावरला जावे, आणि मराठी नेत्रतज्ज्ञाने तर आवर्जून जावे. त्रिचीमार्गे चार-साडेचार तास लागतात. भोसले घराण्यातील दुसरे सरफोजीराजे, ज्यांनी १७९८ ते १८३२ या काळात तिथे राज्य केले, स्वतः वैद्यकाचे जाणकार होते. त्यांच्या धन्वंतरी महालात डोळ्यांच्या रुग्णांवर उपचार होत, आणि त्या रुग्णांची टिपणे डोळ्यांच्या रंगीत चित्रांसह सरस्वती महाल ग्रंथालयात जपून ठेवली आहेत. मी पत्र न पाठवता गेल्यामुळे मला ती मूळ कागदपत्रे पाहता आली नाहीत. तुम्ही आधीच ग्रंथालयाला लिहून परवानगी मागावी. बृहदीश्वर मंदिराच्या भिंतीवर कोरलेला भोसले घराण्याचा भला मोठा मराठी शिलालेख मात्र मी अर्धा तास उभी राहून वाचला.

परतल्यावर मी एक वापरलेला मायक्रोस्कोप घेतला आणि स्लिट लॅम्पच्या खोलीतच एका टेबलावर मांडला. पोटॅशियम हायड्रॉक्साइड प्लास्टिकच्या बाटलीत ठेवते, कारण ते काचेला खाते, आणि बाटलीवर उघडल्याची तारीख लिहिते. हंगामाच्या तिसऱ्या आठवड्यात एक तोडकरी दादा डोळा झाकून आले, मी खरवडले, कंडेन्सर खाली घेतला आणि सांधे असलेले धागे दिसले. त्याच संध्याकाळी त्यांना नॅटामायसिन सुरू झाले, तेही जागेपणी दर तासाला. मुकादमांना मी फोन करून सांगितले, की यांना तीन आठवडे फडावर बोलवायचे नाही, आणि बाटली हलवून दाखवायला त्यांच्या बायकोला समोर बसवून घेतले.