तुम्ही विचारलंत म्हणून : मेटल डिटेक्टर कुठला घेऊ?

"काका, मशीन घ्यायचंय. किती फूट खोल बघणारं घेऊ?" बेळगावच्या उद्यमबागेतल्या फाउंड्रीतून रिटायर झाल्यावर मी मेटल डिटेक्टर घेऊन रानात फिरतो, हे आता खानापूरपासून निपाणीपर्यंत माहीत झालंय. त्यामुळे हा प्रश्न येतोच. त्यामागचा खरा प्रश्नही कळतो, म्हणून गुप्तधनाचं आधी उरकतो. आपल्याकडे कर्नाटकाचा १९६२ चा गुप्तधनाचा कायदा लागू आहे. पुरलेला मोलाचा ठेवा गावला तर कलेक्टरला लेखी कळवावं लागतं. बेळगावचा किल्ला, हलशीची देवळं यांच्या वाटेला मशीन घेऊन जायचंच नाही. मी लोकांच्या रानात, त्यांनी बोलावल्यावर, हरवलेले दागिने हुडकतो. तेवढंच.

आता खोलीचं. नाण्याएवढी वस्तू बरं मशीनसुद्धा वीतभर खोलीपर्यंतच दाखवतं. त्यामुळे माझा उलटा प्रश्न असतो : तुमचं रान तांबडं की काळं?

फाउंड्रीत आम्ही वाळूतले लोखंडाचे कण चुंबकानं काढायचो. तोच चुंबक खानापूरकडच्या रस्त्याकडेच्या तांबड्या धुळीत फिरवून बघा, त्याला काळी मिशी फुटते. जांभ्याच्या मातीत लोह ठासून भरलेलं. मशीन जमिनीत चुंबकीय लहर सोडतं आणि परत काय येतं ते ऐकतं. इथं वस्तूच्या आधी मातीच बोलायला लागते. हा मातीचा आवाज वजा करण्याला 'ग्राउंड बॅलन्स' म्हणतात. स्वस्तातल्या बऱ्याच मशीनांत तो कारखान्यातच ठरवून दिलेला असतो, आपल्याला हलवता येत नाही.

माझं पहिलं मशीन तसलंच. खानापूर तालुक्यात लावणीच्या दिवसात एका बाईंच्या मंगळसूत्राची वाटी चिखलात पडली. मशीन पावलापावलाला ओरडतंय, पोरं "गावलं, गावलं" करत हात घालतायत, आणि हातात जांभ्याचा खडा. संध्याकाळपर्यंत बांधावर खड्यांचा ढीग झाला. बाई काही बोलल्या नाहीत, चहा दिला. तो चहा घशाखाली उतरेना.

सुगी झाल्यावर दुसरं मशीन घेऊन गेलो. जिथं धातू नाही अशी जागा बघून ग्राउंड बॅलन्सचं बटण दाबलं, कॉइल, म्हणजे दांड्याच्या टोकाची चकती, जमिनीजवळ खाली-वर, खाली-वर केली. आवाज सपाट झाला. तासाभरानं चार बोटांवर वाटी लागली. काळे मणी मशीनला दिसतच नाहीत आणि बारीक साखळीही फसवते, कारण तिची एकेक कडी त्याला सुटी दिसते. वाटी बिचारी सरळ बोलते.

म्हणून नवशिक्याला सांगतो, ग्राउंड बॅलन्स हातानं जुळवता येणारंच घ्या. गॅरेट कंपनीचं एस ३००आय वापरायला सोपं, पण जुळवणी ठरलेली. नोक्ता कंपनीच्या सिम्प्लेक्समध्ये ती आपल्याला करता येते. आपल्याकडच्या मातीसाठी मी सिम्प्लेक्सच्या बाजूचा. कॉइल 'डबल डी', म्हणजे आत इंग्रजी डी आकाराची दोन वेटोळी असलेली, असली तर असल्या मातीत जास्त शांत राहते. विकत घेताना पिशवीतून जांभ्याचा तुकडा न्या. दुकानदार हसेल, हसू दे. तुकड्यावर मशीन जुळवायला सांगा, मग त्याखाली अंगठी ठेवून फिरवा. मागवून घेतलं असेल तर परत करायची मुदत संपायच्या आत घरीच हे करून बघा.

आणि मशीनमध्ये लोखंडाचे आवाज वगळायची सोय आहे म्हणून ती लगेच पूर्ण लावू नका. आत्ताचं रुपयाचं नाणं चुंबकाला चिकटतं, तेही मशीन लोखंडात ढकलू शकतं. एका पोरानं तसं लावून अंगणात स्वतःच पुरलेला रुपया हुडकायला सकाळ घालवली होती.

राहिला हात. विळा मारल्यासारखी कॉइल फिरवली की टोकाला ती वर उचलते आणि तेवढ्यात वस्तू सुटते. केर काढताना झाडू जमिनीलगत राहतो, तशी फिरवा, सावकाश, आणि काळ्या रानातून तांबड्यात पाय टाकला की पुन्हा ग्राउंड बॅलन्सचं बटण दाबा. माझं मशीन एक रविवार नेऊन बघायचं असलं तर न्या. बॅटरी तेवढी चार्ज करून परत द्या.