सिबेलियसची पाच झाडे

रात्रीची जेवणे आटोपली, की भांडी विसळून ओटा पुसेपर्यंतचा अर्धा तास माझा असतो, आणि त्या अर्ध्या तासात फळीवर ठेवलेल्या छोट्या स्पीकरवर गेले काही महिने सिबेलियसचा पियानो वाजतो आहे. फिनलंडच्या या संगीतकाराचे नाव निघाले, की ऐकणाऱ्याला त्याच्या सात सिम्फनी, व्हायोलिन कन्चेर्टो आणि ‘फिनलँडिया’ आठवते. त्याने एकट्या पियानोसाठी शंभराहून अधिक लहान रचना लिहून ठेवल्या आहेत, हे मात्र त्याच्या जुन्या चाहत्यांच्याही गावी नसते. माझ्याही नव्हते.

ज्यांच्या गावी असते तेही या रचनांबद्दल बोलताना जरा नाक मुरडतात, कारण त्यांतल्या बऱ्याचशा पोटापाण्यासाठी लिहिलेल्या आहेत. १९१४ मध्ये महायुद्ध सुरू झाले तेव्हा फिनलंड रशियन साम्राज्यात होता आणि सिबेलियसचे मुख्य प्रकाशक जर्मनीत, म्हणजे शत्रूच्या मुलखात होते. तिकडून येणारे पैसे आटले आणि डोक्यावरचे जुने कर्ज तसेच राहिले. जवळपासच्या प्रकाशकांना घरोघरच्या पियानोवर वाजवता येतील असे सुटसुटीत तुकडे हवे होते, ते त्याने लिहून दिले. त्याच दिवसांत पाचवी सिम्फनीही आकार घेत होती. या तुकड्यांतले काही निव्वळ साखरेचे आहेत, हे ऐकताना मलाही जाणवते आणि ते मी निमूटपणे पुढे ढकलतो; पण म्हणून सगळ्यांनाच एका पारड्यात टाकणे मला पटत नाही.

पियानो गात नाही, अशी सिबेलियसची तक्रार होती, आणि त्याच्या बाजूने पाहिले तर ती रास्तच आहे. तो मूळचा व्हायोलिन वाजवणारा. त्याच्या ऑर्केस्ट्रात हॉर्न किंवा चेलो एखादा स्वर धरून ठेवतात, तो हळूहळू फुगत जातो, आणि तंबोऱ्याच्या जोडीवर गायकाने पाय रोवून उभे राहावे तसे बाकीचे संगीत त्या स्वरावर उभे राहते. पियानोवर ही सोयच नाही, कारण हातोडी तारेवर पडली त्या क्षणापासून स्वर विरायला लागतो, आणि पेडल दाबून धरले तरी त्याला फार तर थोडी मुदतवाढ मिळते. ज्याची सारी श्रीमंती धरून ठेवलेल्या स्वरांत, त्याने या विरणाऱ्या स्वरांशी कसे जमवून घेतले असेल, याच कुतूहलाने मी त्याच्या पंचाहत्तराव्या ओपसपाशी, म्हणजे त्या क्रमांकाने छापलेल्या रचनासंचापाशी, येऊन थांबलो आहे.

१९१४ मधल्या या संचात पाच झाडे आहेत: फुललेला रोवन, एकाकी पाइन, अ‍ॅस्पेन, बर्च आणि स्प्रूस. अ‍ॅस्पेनचे पान चपट्या देठामुळे जराशा वाऱ्यानेही थरथरते. आपल्याकडे पिंपळाला ‘चलदल’ का म्हणतात हे ज्याने पाहिले आहे, त्याला ते झाड न पाहताही समजते. माझा जीव मात्र स्प्रूसवर. हा तुकडा सिबेलियसने १९१९ मध्ये पुन्हा हातात घेऊन सुधारला होता. नुसती हातातोंडाची गाठ घालण्यासाठी लिहिणारा माणूस एवढे कष्ट कशाला घेईल? तो संथ वॉल्ट्झ, म्हणजे तीन मात्रांच्या ठेक्यावरचे नृत्यसंगीत आहे. सूर बराचसा पियानोच्या मधल्या पट्टीत, म्हणजे चेलो जिथे गातो तिथेच फिरतो, आणि प्रत्येक लांब स्वराच्या पोटात इतकी जागा सोडलेली असते, की तो विरताना स्पष्ट ऐकू यावा. मग मध्येच विसावलेल्या हातांतून तुटक्या स्वरसंघांची एक वावटळ खालून वर आणि वरून खाली झोडपत जाते. ती ओसरली, की तोच वॉल्ट्झ परत येतो, पण आता तो पहिल्यापेक्षा थकलेला वाटतो. विरणे हा वाद्याचा दोष होता, तोच इथे कामाला लावला आहे. सगळे मिळून तीनेक मिनिटे.

कॅनडाचा पियानोवादक ग्लेन गूल्ड याने १९७० च्या दशकात सिबेलियसच्या सोनातिना नावाच्या तीन छोट्या पियानोरचना आणि ‘क्युलिक्की’ ध्वनिमुद्रित केल्या, तेव्हा पियानोच्या जवळ आणि दूर असे वेगवेगळे मायक्रोफोन मांडून, सिनेमाचा कॅमेरा जवळ-दूर जावा तसा आवाज हलवला होता. ऐकायला गंमत वाटते, पण स्प्रूसला असले काही नको. त्याला फक्त शांतता पुरते.

तिथेच माझी पंचाईत होते. सिबेलियस ज्या ‘आइनोला’ नावाच्या लाकडी घरात १९०४ पासून १९५७ पर्यंत, म्हणजे अखेरपर्यंत राहिला, तिथे नळातून वाहणाऱ्या पाण्याचा आवाज नको म्हणून त्याने हयातभर घरात नळच येऊ दिले नाहीत, आणि सगळ्या कुटुंबाने पाणी विहिरीवरून आणले. यात घरच्यांचे मत कितपत विचारले गेले, कोण जाणे. आमच्या इमारतीत वरच्या टाकीची मोटर रात्री बरोबर साडेनऊला सुरू होते आणि स्वयंपाकघराच्या भिंतीतला पाइप घरघरू लागतो, त्यामुळे वॉल्ट्झ परत येण्याआधी ओटा पुसून व्हावा म्हणून मी हल्ली कढई शेवटी न घासता सगळ्यात आधी घासून ठेवतो.