सीपीयूवरची वाळलेली पेस्ट

आज पंख्यातली धूळ काढण्यासाठी सीपीयूवरचा (संगणकाच्या मुख्य प्रोसेसरवरचा) हीटसिंक, म्हणजे त्याची उष्णता शोषून बाहेर टाकणारा धातूचा भाग, उतरवला, तेव्हा त्या दोघांमध्ये चार वर्षांपूर्वी लावलेली, उष्णता वाहून नेणारी थर्मल पेस्ट वाळून खडूसारखी झालेली दिसली. संगणक आधी दहा मिनिटे चालवून पेस्ट कोमट होऊ दिली होती, मग वीज तोडून हीटसिंक सरळ न ओढता हलकेच डावीउजवीकडे फिरवत सोडवला, कारण घट्ट चिकटलेला हीटसिंक ओढल्यास सीपीयूही सॉकेटमधून उपटून येऊ शकतो.

धातूचे पृष्ठभाग कितीही गुळगुळीत दिसले तरी त्यांवर सूक्ष्म खाचा असतात, त्यांत हवा अडकते आणि हवेतून उष्णता फार हळू वाहते. पेस्टचे काम या खाचा भरण्याचे आहे, जाड थर देण्याचे नव्हे. म्हणूनच जुन्या थरावर नवी पेस्ट लावणे मला मुळीच पटत नाही. ९९ टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि धागे न सुटणारे कापड घेऊन दोन्ही पृष्ठभाग शेवटचा करडा डाग जाईपर्यंत पुसले. मधोमध वाटाण्याएवढा थेंब ठेवला आणि दाब सगळीकडे सारखा बसावा म्हणून समोरासमोरच्या कोपऱ्यांतले स्क्रू आळीपाळीने, थोडे थोडे आवळले.

ज्या कामात सीपीयू ९० अंशांवर जात असे, त्याच कामात तो आज ७२ अंश सेल्सिअसवर स्थिर राहिला.