टॉवरवरची बहिरी

मी टॉवर रिगर आहे. म्हणजे मोबाईलचे टॉवर असतात ना, त्यावर चढून अँटेना बसवायचे, फिरवायचे, केबल बदलायच्या, हे माझं काम, गेली १४ वर्षं बडोद्यातच करतोय. घर दांडिया बाजारात, आजोबांच्या आधीपासूनचं, त्यामुळे घरात मराठी, साइटवर गुजराती आणि कंट्रोल रूमशी हिंदी असं दिवसभर चालू असतं. उंचीवरून काय काय दिसतं ते लिही लिही असं घरचे म्हणतात, पण लिहावं असं खरंच वाटलं ते मागच्या डिसेंबरातल्या एका सकाळमुळे.

साइट होती एका दहा मजली सोसायटीच्या गच्चीवरची. गच्चीवर पंधरा मीटरचा टॉवर, तिकीट (म्हणजे तक्रार) आलेलं व्हीएसडब्ल्यूआर अलार्मचं, सिग्नल केबलमधून उलटा परततोय असा इशारा, म्हणजे अँटेनाला जाणाऱ्या फीडर केबलच्या कनेक्टरमधे पाणीबिणी गेलेलं असणार, वर जाऊन कनेक्टर सोडवायचा, कापून नवीन बसवायचा, टेप मारायची, दोन तासांचं काम. आठ वाजता गेटवर पोचलो तर सेक्रेटरी, अजून चार माणसं आणि मधे रात्रीचा वॉचमन मनु मान खाली घालून उभा. मनु छोटा उदेपूरकडचा पोरगा, असेल पंचवीस-सव्वीसचा, मी साइटवर गेलो की चावी देणारा आणि न मागता पाण्याची बाटली भरून ठेवणारा.

भानगड अशी की महिनाभर गच्चीवर पक्ष्यांचे पंख सापडत होते. नुसती पिसं नाही, दोन पंख पूर्ण आणि मधे छातीचं हाड, वरचं मांस साफ. कधी नुसतं मुंडकं. एकदा तर टाकीच्या झाकणावर. कोणीतरी म्हणालं करणी आहे, अमावास्येच्या आसपासच सापडतात (तसं काही नव्हतं, पण एकदा असं डोक्यात बसलं की माणूस तारखा पण तशाच आठवतो), कोणीतरी म्हणालं वॉचमन रात्री कबुतरं पकडून खातो, आणि दोन्ही आरोप एकाच माणसावर. डोंगराकडचा आहे, त्यांच्यात हे सगळं चालतं, हे वाक्य माझ्यासमोर बोललं गेलं आणि मनुसमोर पण. पहिल्या तारखेपासून येऊ नको असं त्याला सांगून झालेलं. मला विचारलं, तुम्ही वर जाता, तुम्हाला काही दिसलंय का. मी म्हणलं मी तीन महिन्यांनी येतोय, आधी बघू तरी द्या.

गच्चीवर गेलो. मनुने एका सिमेंटच्या पिशवीत ते सगळं गोळा करून ठेवलेलं, टाकून दिलं तर म्हणतील पुरावा लपवला. बिचाऱ्याला कोणी सांगितलं नव्हतं, त्याचं त्यालाच सुचलं. मी पिशवीत डोकावलो आणि ठेवून दिली, त्यातलं मला काही कळत नव्हतं. बेल्ट घातला, दोन्ही हुक तपासले, कंट्रोल रूमला सांगून तो सेक्टर, म्हणजे त्या बाजूचा अँटेना, बंद करून घेतला आणि चढायला लागलो.

वरच्या प्लॅटफॉर्मला पोचायच्या आधीच डोक्यावरून काहीतरी सुटलं. घार असेल म्हणून मी लक्ष दिलं नाही, घारी टॉवरवर असतातच. पण वर गेल्यावर बघतो तर लाल दिव्याच्या खालच्या पट्टीवर रक्ताचे वाळलेले डाग, खाली पांढऱ्या विष्ठेचे ओघळ, आणि अँगलच्या खाचेत एक अख्खं मेलेलं कबुतर ठेवलेलं. ठेवलेलं म्हणजे खरंच ठेवलेलं, उद्यासाठी भाकरी झाकून ठेवावी तसं. तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला की खालच्या पिशवीचा आणि ह्याचा संबंध आहे.

मी डिशच्या मागे हुक अडकवून कामाला लागलो. कनेक्टर गंजलेला, सुटत नव्हता, त्यामुळे बराच वेळ मी फारसा हललो नसेन, आणि ती परत आली. पंधरा-वीस फुटांवर समोरच्या पाइपाच्या टोकावर बसली. घार नव्हतीच. डोकं काळपट राखाडी, गालावर खाली ओघळलेली काळी मिशी, छाती पांढरी आणि त्यावर बारीक आडव्या रेघा, डोळा पूर्ण काळा आणि भोवती पिवळं कडं, पिवळे पाय आणि बोटं लांबच लांब. तिने माझ्याकडे एकदा बघितलं, नीट बघितलं, आणि मग तोंड फिरवून खाली बघायला लागली. माझ्या हातात पाना होता तो मी किती वेळ तसाच धरून ठेवला कुणास ठाऊक.

ती बघत होती चबुतऱ्याकडे. आमच्याकडे बडोद्यात जागोजागी कबुतरांना दाणे टाकायचे चबुतरे आहेत, सकाळी लोक ज्वारी टाकतात आणि शेकडो कबुतरं जमतात, तिथला चबुतरा ह्या टॉवरवरून सरळ समोर दिसतो. एखादी स्कूटर गेली की सगळी कबुतरं एकदम उडतात, एक गोल मारतात आणि परत बसतात. तिसऱ्यांदा उडाली तेव्हा ही निघाली. घाईने नाही, जणू काही कामच नाही अशी उलट्या बाजूला गेली, गोल फिरत वर चढली, इतकी वर की मला मान पूर्ण मागे टाकावी लागली, आणि मग पंख मिटून घेतले.

ते मी नीट सांगू शकणार नाही. माझ्या उंचीवरून ती खाली गेली तेव्हा आवाज आला, नवं धोतर टर्रकन फाडावं तसा, लांबलचक, आणि कबुतरांच्या थव्यात पिसांचा एक पांढरा फुगा फुटला. थवा दुभंगला, एक कबुतर खाली पडायला लागलं, ही खालून वळली आणि ते पडत असतानाच पायात धरलं. खाली चहाच्या टपरीवर माणसं उभी होती, एकानेही वर बघितलं नाही.

ते घेऊन ती सरळ टॉवरवर आली, लाल दिव्याच्या पट्टीवर, माझ्यापेक्षा थोडी वर. आणि मग सुरू झालं सोलणं. चोचीने पिसं उपटायची आणि सोडायची, उपटायची आणि सोडायची, ती माझ्या हेल्मेटवरून, खांद्यावरून तरंगत गच्चीवर चाललेली. मी एका हाताने फोन काढला (फोनला दोरी असते, वर ती लागतेच) आणि व्हिडिओ लावला. अर्धा तास तिचं जेवण चाललं असेल. शेवटी दोन पंख आणि मधलं हाड उरलं ते पायाने जरा सरकलं आणि पडलं, थेट टाकीच्या झाकणावर.

काम संपवून उतरलो आणि पहिला व्हिडिओ मनुला दाखवला. तो काही बोलला नाही, फक्त परत लाव म्हणाला, दोनदा. मग सेक्रेटरी, मग बाकीचे. सगळे गप्प झाले, मग एकजण म्हणाला अच्छा, बाज आहे, आणि विषय लगेच ह्यावर गेला की आता हिला इथून हाकलायचं कसं, जाळी लावायची का. महिनाभर ज्याला करणी करणारा म्हणलं त्याच्याकडे बघून एक शब्द नाही. मला तेव्हा राग आला तो अजून उतरलेला नाही. त्याची नोकरी राहिली हे खरं, पण ते मी मधे बोललो म्हणून, आणि ते त्यांनी स्वतःहून करायला हवं होतं.

संध्याकाळी ती पिशवी घेऊन मी अण्णांकडे गेलो. अण्णा आमच्या वाड्यात वरच्या मजल्यावर राहतात, शाळेच्या जीवशास्त्राच्या प्रयोगशाळेत आयुष्य गेलं, अजून थंडीत रविवारी पहाटे डभोईकडे वढवाणा तलावावर पक्षी बघायला जातात. व्हिडिओ बघून म्हणाले, "अरे, ही बहिरी! बहिरी ससाणा, आणि एवढी मोठी म्हणजे मादीच, ह्यांच्यात मादी नरापेक्षा चांगली तिसऱ्या हिश्श्याने मोठी असते."

मी म्हणलं, "अण्णा, बहिरी? ऐकू येत नाही?"

"तिला कोण बहिरं म्हणतंय? बहर म्हणजे अरबीत समुद्र. समुद्रापलीकडून येणारी ती बहरी, त्याचं आपण केलं बहिरी. इंग्रजीत पेरेग्रीन, म्हणजे भटकी."

बहिरी ससाण्यासारखी झडप हे मी लहानपणापासून ऐकत आलो, पण तो पक्षी माझ्याच टॉवरवर असेल हे कधी डोक्यात आलं नव्हतं. अण्णा सांगत गेले. आपल्याकडे कायम राहणारी जात शाहीन, तिचं पोट तांबूस. ही पांढऱ्या छातीची थंडीची पाहुणी, उत्तर रशियातल्या टुंड्रामधली. ऑक्टोबरच्या सुमाराला येते, मार्च-एप्रिलला जाते. एका बाजूचं अंतर पाच हजार किलोमीटरच्या पुढे. तिथे ही घरटं बांधत नाही, नदीकाठच्या कड्यावर माती जराशी उकरते आणि त्यात अंडी. मला सगळ्यात नवल वाटलं ते ह्याचं की तिथे लाल छातीचे कलहंस मुद्दाम हिच्या घरट्याच्या जवळ अंडी घालतात, कारण ही कोल्ह्याला जवळ फिरकू देत नाही आणि स्वतःच्या घराशेजारी सहसा शिकार करत नाही.

मी विचारलं, मग इथे टॉवरच का? अण्णा म्हणाले तिला तो कडा वाटतो. उंच, मोकळा, चारी बाजूंना नजर जाते. आणि एकदा जागा पसंत पडली की दरवर्षी तिथेच. २०२१ साली नेचर ह्या विज्ञान साप्ताहिकात एक मोठा अभ्यास आला होता, आर्क्टिकच्या वेगवेगळ्या भागांतल्या ५६ बहिरींच्या पाठीवर ट्रान्समीटर बसवून त्यांचे रस्ते काढले. त्यात लांबच्या प्रवासाशी जोडलेला एक जनुक पण सापडला, एडीसीवाय८, आणि त्याचं नातं पक्की आठवण राहण्याशी आहे. वेगाचं विचारलं तर म्हणाले सूर मारताना ताशी ३०० किलोमीटरच्या वर. नाकपुडीत हाडाचा एक छोटा कोन असतो, त्याने आत घुसणाऱ्या हवेचा जोर मोडतो असं मानतात.

मग त्यांनी वर्तमानपत्र पसरलं, पिशवी ओतली आणि चष्मा चढवला. आधी छातीचं हाड दाखवलं, त्याच्या कडेला कुरतडल्यासारख्या त्रिकोणी खाचा, "ही तिची सही. चोचीला वर दातासारखं टोक असतं, त्यानेच मान तोडते, म्हणून मुंडकी वेगळी." पिसांची देठं सगळी शाबूत होती. मांजराने खाल्लं असतं तर देठं चावून तुटली असती. म्हणजे हे नुसतं बघून कोणालाही कळलं असतं की माणसाचं काम नाही, पण बघायचं असतं तर. कबुतरं तर होतीच, दोन भोरड्या निघाल्या, आणि मग एक पंख घेऊन अण्णा बराच वेळ थांबले. वाळक्या पानासारखा ठिपक्याठिपक्यांचा. रातवा. आणि दुसरा लावा पक्ष्याचा. रातवा दिवसा उडत नाही, लावा शेतात राहणारा आणि प्रवास रात्रीचा, मग हे दहाव्या मजल्यावर आले कुठून? तर ही बाई रात्री पण शिकार करते. शहराच्या दिव्यांचा उजेड वर जाणाऱ्या पक्ष्यांच्या पोटाखाली पडतो आणि ही खाली अंधारात बसून वर बघत असते. परदेशातल्या शहरांमधे हे बघितलं गेलंय. तिच्या डोक्यावरचा लाल दिवा विमानांसाठी असतो, मीच बदलतो तो.

सोसायटीत जाऊन मी दुसऱ्या दिवशी सांगितलं की हा पक्षी १९७२ च्या वन्यजीव कायद्यात पहिल्या अनुसूचीत आहे, हात लावलात तर गुन्हा. जाळीचा विषय तिथेच संपला. आमच्या कंपनीला लिहून दिलं की ह्या साइटचं रंगकाम जानेवारीत न करता मे महिन्यात करा, ते मान्य झालं. काळजी उत्तरायणची, म्हणजे संक्रांतीच्या पतंगांची होती. दोन दिवस आख्खं बडोदं गच्चीवर, आणि नंतर प्रत्येक टॉवरवर मांज्याची जाळी लोंबकळत असते. वासी उत्तरायण (म्हणजे दुसरा दिवस) संपल्यावर १६ तारखेला सकाळी पहिला ह्याच टॉवरवर चढलो, पाठीवरची पिशवी भरून मांजा काढला, बोट कापलं ग्लव्हमधून. ती दुपारपर्यंत दिसली नाही. चारच्या सुमाराला मनुचा फोन आला, "भाई, बैठी छे."

मार्चच्या शेवटी गेली. मनु तिथेच आहे. पंख सापडला की आता तो धुतो, वाळवतो आणि वहीत तारीख लिहितो. ह्या वर्षी ऑक्टोबरच्या १९ तारखेला त्याने लिहिलंय, पहिलं कबुतर. तीच आहे का हे आम्हाला सांगता येणार नाही, पण बसते त्याच पट्टीवर. परवा त्याने फोटो पाठवला, लांब हिरवट पाय आणि तपकिरी पट्ट्यांचा पंख, हा कोण म्हणून विचारतोय. अण्णांना फोटोवरून कळेना, पाणथळीतला दिसतो म्हणाले, घेऊन ये. उद्या नाइट ड्यूटी सुटली की मनु दांडिया बाजारात येणार आहे.