अमेरिकन यादवीतला पूर्वज शोधताना: आधी पलटण, मग नाव

अमेरिकेत स्थायिक झालेल्या मराठी घरांत आता सून किंवा जावई अमेरिकन असणं नवलाचं राहिलेलं नाही. नातवंडांची एक बाजू कुलवृत्तांतात आठ-दहा पिढ्या मागे जाते आणि दुसरी बाजू ‘माहेर: ओहायो’ एवढ्या एका ओळीत आटोपते. हे मला मनापासून खटकतं, कारण त्या बाजूचे कागद आपल्या बाजूपेक्षा कितीतरी जास्त टिकले आहेत. त्यातही घरात कुणी “आमचे एक पणजोबा सिव्हिल वॉरमध्ये लढले होते” असं म्हणत असेल, तर ती ऐकीव गोष्ट कागदावर तपासता येते. मुंबईच्या कापसाला ज्या युद्धामुळे सोन्याचा भाव आला होता, तेच हे १८६१ ते १८६५ चं युद्ध.

बहुतेक जण सुरुवातीलाच नाव टाइप करतात आणि तिथेच वाट चुकते. नॅशनल पार्क सर्व्हिसच्या ‘सोल्जर्स अँड सेलर्स’ या मोफत डेटाबेसमध्ये सुमारे ६३ लाख नावं आहेत. माणसं मात्र तेवढी नव्हती. एकच शिपाई दोन-तीन पलटणींत असे, एकाच नावाची स्पेलिंगं चार प्रकारे लिहिली जात, आणि जॉन मिलर किंवा विल्यम जोन्स शोधायला गेलात तर पानंच्या पानं भरतात. त्र्यंबकेश्वरच्या उपाध्यायांना आधी गाव आणि आडनाव सांगावं लागतं, मग ते नेमकी वही काढतात. इथे गावाच्या जागी राज्य, पलटण आणि कंपनी सांगायची. हे तीन कळले की पुढचं दफ्तर उघडतं.

पलटणीची रचना आधी समजून घ्या. पायदळाच्या एका रेजिमेंटमध्ये साधारण १००० माणसं आणि १० कंपन्या. कंपन्यांना ए पासून के पर्यंत अक्षरं, पण जे वगळून, कारण हस्ताक्षरात आय आणि जे सारखेच दिसायचे. कुठे ‘कंपनी जे’ वाचलंत तर ती बहुधा आय आहे. यापेक्षा महत्त्वाचं म्हणजे कंपनी एका तालुक्यातून, म्हणजे तिथल्या काउंटीतून, उभी राहायची. भाऊ, मेहुणे, शेजारी एकत्र भरती व्हायचे. म्हणून १८६० च्या जनगणनेत आपला माणूस कुठल्या काउंटीत राहत होता हे आधी काढायचं आणि त्या काउंटीतून कोणत्या कंपन्या गेल्या ते बघायचं. त्याच्याच नावाचा दुसरा शिपाई तीनशे मैलांवरच्या काउंटीतल्या कंपनीत असेल, तर तो बहुतेक आपला नव्हे.

शोध नेहमी अलीकडून मागे न्यावा. मृत्यूचा दाखला, वर्तमानपत्रातली निधनवार्ता, थडगं. थडग्याचा दगडच पुष्कळदा पलटण सांगतो. सरकारने युनियनच्या, म्हणजे उत्तरेच्या केंद्र सरकारच्या बाजूच्या, सैनिकांना दिलेल्या दगडावर खोलगट ढाल कोरलेली असते आणि तिच्यात उठावाच्या अक्षरांत नाव, कंपनी, रेजिमेंट, राज्य. कॉन्फेडरेट, म्हणजे फुटून निघालेल्या दक्षिणेच्या, सैनिकाच्या सरकारी दगडाचं टोक निमुळतं असतं. मग १९१० ची जनगणना बघा. तिच्यात यासाठी खास रकाना आहे: यूए म्हणजे युनियनचं लष्कर, यूएन म्हणजे युनियनचं आरमार, सीए आणि सीएन म्हणजे दक्षिणेचं लष्कर आणि आरमार. १८९० ची मुख्य जनगणना १९२१ च्या आगीत आणि त्यानंतरच्या हेळसांडीत गेली, पण त्याच वर्षी माजी सैनिकांची आणि त्यांच्या विधवांची जी वेगळी यादी केली होती तिचा अर्धा भाग वाचला. राज्यांच्या इंग्रजी अकारविल्हेप्रमाणे केंटकीच्या अर्ध्यापासून वायोमिंगपर्यंतची पानं आहेत. म्हणजे ओहायो, न्यूयॉर्क, पेनसिल्व्हेनिया मिळतील. इलिनॉय, इंडियाना, आयोवा नाहीत. ही यादी युनियनवाल्यांची होती. कुठे चुकून कॉन्फेडरेटचं नाव आलं तर नंतर त्यावर काट मारलेली दिसते, पण काट मारलेलं नावही वाचता येतं, ते सोडू नका.

या सगळ्या जनगणना ‘फॅमिलीसर्च’ या वंशावळीच्या संकेतस्थळावर खातं उघडून फुकट बघता येतात. तिथे स्पेलिंगचा जाच मात्र आहे. श्मिट स्मिथ होतो, म्युलर मिलर होतो. त्या काळच्या हस्ताक्षरात दोन एस लागोपाठ आले की पहिला एस एफसारखा लांब काढायचे, त्यामुळे जेसी हे नाव सूचीत ‘जेफ्से’ होऊन बसलेलं असतं. सूचीत सापडला नाही म्हणजे कागदात नाही, असं समजू नये.

पलटण कळली की वॉशिंग्टनच्या नॅशनल आर्काइव्ह्जकडून, म्हणजे केंद्राच्या अभिलेखागाराकडून, दोन प्रकारचे कागद मागवायचे. पहिला, सेवेची संकलित नोंद. १८९० च्या सुमारास पेन्शनचे अर्ज इतके वाढले की वॉर डिपार्टमेंटने जुन्या हजेरीपटांवरून, इस्पितळांच्या आणि तुरुंगांच्या वह्यांवरून प्रत्येक शिपायाची कार्डं उतरवून घेतली आणि एकेका पाकिटात घातली. १९०३ पासून दक्षिणेच्या शिपायांसाठीही तेच केलं. या कार्डांवर भरतीच्या वेळचं वय, जन्मस्थळ, धंदा, उंची, डोळ्यांचा रंग, हजर की गैरहजर, जखमी, कैद हे सगळं येतं. आईवडिलांची किंवा बायकोची नावं सहसा येत नाहीत. ‘पळून गेला’ असा शेरा दिसला तर लगेच शरमून जाऊ नका. इस्पितळात पडलेल्या शिपायाची खबर पलटणीला न पोचल्यानेही हा शेरा पडायचा आणि नंतर रद्द झाल्याचं कार्ड त्याच पाकिटात असू शकतं. सगळी कार्डं शेवटपर्यंत वाचा.

हे पाकीट फक्त स्वयंसेवक पलटणींच्या लोकांचं असतं. कायम लष्करातला शिपाई असेल तर त्याची नोंद भरतीच्या रजिस्टरात, आणि खलाशी असेल तर आरमाराच्या वेगळ्या वह्यांत. राज्याच्या मिलिशियातून, म्हणजे स्थानिक नागरी सैन्यातून, महिना-दोन महिने गेलेला आणि केंद्राच्या सेवेत कधी न घेतलेला माणूस वॉशिंग्टनमध्ये सापडतच नाही. त्याच्यासाठी त्या राज्याच्या अभिलेखागाराकडे जावं लागतं.

दुसरा कागद म्हणजे पेन्शनची फाइल, आणि खरं कुटुंब तिच्यात असतं. आधी सूची बघायची. ती दोन प्रकारची आहे. एक आडनावावार, दुसरी राज्य, पलटण, कंपनी अशी लावलेली. दुसरी वापरा. त्या कंपनीतल्या पेन्शन मागणाऱ्यांची कार्डं ओळीने येतात, त्यामुळे चुकीच्या स्पेलिंगचा माणूसही नजरेला पडतो आणि त्याचे शेजारी-मेहुणेही. सूचीचं कार्ड छोटंसं असतं: वर शिपायाचं नाव, खाली विधवा किंवा अज्ञान मुलांचं नाव, अर्जाची तारीख, अर्जाचा क्रमांक, मंजुरीचा क्रमांक आणि अर्ज कोणत्या राज्यातून केला ते. शेवटची नोंद लाखमोलाची आहे. ओहायोचा शिपाई म्हातारपणी कॅन्ससला गेला होता, हे पुष्कळदा तिथेच प्रथम कळतं. अर्जाचा क्रमांक आहे आणि मंजुरीचा नाही, म्हणजे अर्ज फेटाळला गेला. तरी फाइल असते आणि ती जास्त जाडही असू शकते, कारण नाकारलेल्या माणसाने पुन्हा पुन्हा पुरावे धाडलेले असतात.

फाइलीत काय मिळेल हे अर्ज कोणत्या कायद्याखाली केला त्यावर ठरतं. १८६२ च्या कायद्याने सेवेत अपंग झालेल्याला, मेलेल्याच्या विधवेला, १६ वर्षांखालच्या मुलांना आणि त्याच्यावर अवलंबून असलेल्या आईला पेन्शन मिळे. १८९० च्या कायद्याने ९० दिवसांची नोकरी आणि कोणत्याही कारणाने आलेलं अपंगत्व पुरे झालं, म्हणून त्या वर्षानंतर अर्जांचा पूर आला. १९०७ पासून ६२ वर्षं वय हेच कारण चाललं. त्यासाठी जन्मतारीख सिद्ध करावी लागे आणि जर्मनी-आयर्लंडहून आलेल्या लोकांच्या मूळ गावाचा पुरावाही मग फाइलीत येऊन पडे. डॉक्टरांच्या तपासणीच्या छापील अर्जावर माणसाच्या देहाची रेखाकृती असते, तिच्यावर गोळी कुठे लागली त्याची खूण. १८९८ आणि १९१५ साली पेन्शन खात्याने शिपायांना एक प्रश्नपत्रिका पाठवली होती: बायकोचं माहेरचं नाव, लग्न कुठे, कुणी लावलं, आधीचं लग्न होतं का, हयात मुलांची नावं आणि जन्मतारखा. फाइल हाती आली की आधी हे दोन कागद शोधा.

विधवेला लग्न सिद्ध करावं लागे, आधीचा नवरा असेल तर तो मेल्याचं दाखवावं लागे. दाखला नसला की शेजारी, सुईण, पलटणीतले सोबती यांची प्रतिज्ञापत्रं येत, नाहीतर घरच्या बायबलमधलं जन्ममृत्यूचं पान फाडून पाठवलं जाई. गुलामांना पळून जायला मदत करणाऱ्या हॅरिएट टबमनचंच उदाहरण घ्या. तिचा दुसरा नवरा नेल्सन डेव्हिस ८ व्या युनायटेड स्टेट्स कलर्ड इन्फंट्री या कृष्णवर्णीयांच्या पायदळ पलटणीत, ‘जी’ कंपनीत होता. पण तिथल्या हजेरीपटावर तो नेल्सन चार्ल्स आहे. चार्ल्स हे मालकाचं आडनाव, डेव्हिस बापाचं. १८८८ मध्ये तो वारला, १८९० मध्ये तिने अर्ज केला. ही दोन नावं एकाच माणसाची, १८६९ मध्ये ऑबर्नला आपलं लग्न झालं आणि पहिला नवरा जॉन टबमन त्याआधीच मेला होता, हे सगळं तिला साक्षीदारांकरवी शाबीत करावं लागलं. १८९५ मध्ये दरमहा ८ डॉलर मंजूर झाले आणि १८९९ मध्ये काँग्रेसने, म्हणजे अमेरिकेच्या संसदेने, ते २० केले. हे पुरावे नसते तर नेल्सन डेव्हिस नावाने शोधणाऱ्याला तो पलटणीत कधीच सापडला नसता.

गुलामीतून आलेल्या सैनिकांच्या बाबतीत आडनावाचा हा घोळ जागोजागी भेटतो. युनियनकडून सुमारे १ लाख ७९ हजार कृष्णवर्णीय सैनिक लष्करात होते. त्यांच्या सेवेच्या पाकिटांत कधी कधी मालकाने भरपाईसाठी केलेला दावा असतो. युनियनशी एकनिष्ठ असलेल्या उत्तर-दक्षिण सरहद्दीच्या राज्यांतल्या मालकांना ३०० डॉलरपर्यंत मागता येत. तो कागद वाचताना हात थबकतो, पण मालकाचं नाव आणि गाव देणारा तोच असतो, आणि १८७० च्या जनगणनेआधीचा धागा त्यावाचून जुळत नाही. गुलामीतून मुक्त झालेल्यांसाठीच्या फ्रीडमन्स बँकेच्या (१८६५–१८७४) खात्यांच्या नोंदींत आईबाप-भावंडांची नावं मिळतात, त्या याला जोडून बघा.

कॉन्फेडरेट पूर्वजाची वाट निराळी. त्याला केंद्र सरकारची पेन्शन नव्हती, राज्यांनी दिली: दक्षिणेची ११ राज्यं, शिवाय केंटकी, मिसूरी आणि ओक्लाहोमा. माणूस ज्या राज्यातून लढला तिथे लोक फाइल शोधतात आणि हात हलवत परत येतात. अर्ज राहत्या राज्यात व्हायचा. अलाबामाचा शिपाई टेक्ससला जाऊन राहिला असेल तर कागद टेक्ससच्या अभिलेखागारात. सेवेची कार्डं मात्र वॉशिंग्टनच्या नॅशनल आर्काइव्ह्जकडेच आहेत आणि ती ‘फोल्ड-थ्री’ या संकेतस्थळावर चित्ररूपात आहेत. शेवटच्या महिन्यांतले हजेरीपट फार थोडे उरले, म्हणून कार्डं १८६४ मध्ये थांबली तर तेवढ्यावरून तो मेला किंवा पळाला, असा अर्थ काढू नये. युद्धकैद्यांच्या आणि निष्ठेच्या शपथेच्या नोंदी बघा. काही जण कैदेतून सुटायला निळा गणवेश चढवून युनियनच्या सहा खास पलटणींत गेले. अशा माणसाची दोन्हीकडे पाकिटं असतात.

युनियनच्या पुष्कळ पलटणींची पाकिटं अजून कागदावरच आहेत, ती नॅशनल आर्काइव्ह्जच्या संकेतस्थळावरून मागवावी लागतात. सेवेच्या नोंदीला ३० डॉलर, पूर्ण पेन्शन फाइलीला पहिल्या १०० पानांपर्यंत ८० डॉलर आणि पुढे पानाला ७० सेंट. दर बदलू शकतात, मागणी नोंदवण्याआधी बघून घ्या. आठ पानांचं स्वस्त पाकीटही मिळतं. ते घेऊ नका, कारण कोणती आठ पानं ते दुसरा कुणी ठरवतो आणि साक्षीजबान्या राहून जातात. मागणी करताना शिपायाचे, विधवेचे, मुलांचे सगळे क्रमांक लिहा, कारण नवऱ्याचे कागद पुष्कळदा विधवेच्या क्रमांकाखाली हलवलेले असतात. क्रमांकाआधी सी किंवा एक्ससी असेल तर फाइल माजी सैनिकांच्या खात्याकडे गेलेली असू शकते. तसं असेल तर पैसे भरण्याआधी विचारून घ्या.

वॉशिंग्टनला जाणं जमत असेल तर उत्तमच. संशोधकाचं ओळखपत्र तिथे फुकट मिळतं आणि फ्लॅश बंद ठेवून आपल्या फोनने फोटो काढता येतात. कागद तीन घड्या घातलेले असतात. प्रत्येकाची मागची बाजूही टिपा, कारण कुठल्या तारखेला काय मंजूर झालं, काय फेटाळलं आणि का, हे कारकुनाने मागेच लिहिलेलं असतं.